वाढत्या अंगाचं

बाहेर त्रेचाळीस.
अशोक चौकातलं डांबर चपलेला चिकटतंय
आणि मी मशिनवर बसलेय चादर पांघरून.
आपलीच, सोलापुरी, मोराची.
रझिया काजं करता करता विचारते,
काकू, खरंच थंडी वाजतीय तुमाला?
वाजतीय गं. हाडातून वाजतीय.
एकशे अठरा किलोची होते
तेव्हा संक्रांतीच्या गड्ड्यात
रात्री अकराला बिनस्वेटरची फिरायचे मी,
पाळण्यात बसू देत नव्हते तरी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं सगळं,
सही घेऊन.
केस जातील, हे सांगितलं होतं.
मोरीच्या जाळीवर रोज सकाळी
एक गुंता बसलेला असेल, उंदराच्या पिल्लाएवढा,
आणि तो मीच काडीने उचलायचा,
हे नव्हतं सांगितलं.
गोड जपून, म्हणाले होते.
पुतणीच्या मुलाच्या बारशाला
दोनच चमचे बासुंदी,
आणि छातीत अख्ख्या कारखान्याचे माग सुरू.
घामाने ब्लाउज ओला, डोळ्यांपुढे चांदण्या.
बाळंतिणीच्या खाटेवर मला निजवलं,
बाळंतीण बिचारी खुर्चीत.
हसले मीही.
तिसऱ्या दिवशी.

शेंगाचटणीचा वास सोसत नाही आता.
शेजारी उखळात लसूण पडला
की मी खिडकी लावते.
कुणा परक्या बाईचं नाक बसवलंय मला,
आणि बसायला उशी लागते,
कारण स्टुलावर आता मी नाही,
माझी दोन हाडं बसतात.

भूक गेली तशी वेळही गेली.
पूर्वी बाराला पोटात भोंगा व्हायचा,
गिरणीचा बंद पडला तरी माझा चालू होता.
आता मोबाईल वाजतो : खा.
अर्ध्या तासाने वाजतो : पाणी.
नरसय्या कडक भाकरी मोडतो
तेव्हा घरभर आवाज होतो.
सव्वीस वर्षं आमचं बोलणं म्हणजे
अजून घे की, आमटी वाढू का, तेवढंच होतं बहुतेक.
हल्ली तो ओट्याकडे तोंड करून उभ्याने जेवतो.
मला वाटतं, त्याला लाज वाटते.
त्याला वाटतं, मला वाटेल.

रस्त्यात बाया हात धरतात,
शुगर निघाली का वो?
नणंद तेलुगूतून कुजबुजते, एमय्यिंदी?
काय झालं ते सांगितलं तर म्हणते,
एवढे पैसे देऊन?

आणि हे कातडं.
दंडाखाली, पोटावर, मांडीला.
जूनच्या आधी आया येतात पोरांना घेऊन,
ताई, वाढत्या अंगाचं शिवा,
दोन वर्षं तरी गेलं पाहिजे.
मी आत दोन इंच सोडते.
रात्री आंघोळीला उभी राहिले
की तेच आठवतं,
फक्त इथे दाब उसवून सोडायला
कुणी वाढणार नाही.

गेल्या गुरुवारी अंगठी गळाली.
बोटातून कधी गेली कळलंच नाही.
बॉबिनची डबी पाहिली, चिंध्या पाहिल्या,
रझियाने झाडूची काडी न् काडी झटकली.
तोवर विजयपूरच्या शाळेच्या तीनशे चड्ड्या
गठ्ठे बांधून गाडीत चढल्या होत्या.
कुठल्यातरी खिशाच्या अस्तरात
मी ती शिवून टाकली असणार, दुहेरी टीप मारून.
एखादं पोरगं वर्गात
कडक गोल काहीतरी चाचपत बसेल,
मास्तर विचारतील, खिशात काय आहे रे?
शाळेचा फोन अजून नाही.

नरसय्या म्हणाला, जाऊ दे,
तशीही सैल झाली होती.
रिळाचा दोरा घेतला,
बोटाला गुंडाळला, गाठ मारली, दाताने तोडला.
किती गार हात, म्हणाला.
त्याला आठ दिवस झाले.
सराफाकडे काही गेलेला नाही.
दोरा त्याच्या शर्टाच्या खिशातच आहे.
धुवायच्या आधी मी काढून ठेवते,
वाळला की परत घालते.